दुसऱ्याच्या चाकाला पाना

माझा धाकटा भाऊ भावेश मस्कतच्या वर्कशॉपमधून कायमचा परत आला आणि आमच्या गॅरेजमध्ये पान्यांच्या नावांवरून रोज तमाशा सुरू झाला. गॅरेज कळंबोलीत, ट्रक टर्मिनलच्या मागे. थोरला भाऊ काशीराम ते चालवतो. तो पाना म्हणतो, पंजाबी ड्रायव्हर चाबी म्हणतात, आणि भावेश आता स्पॅनर म्हणायला लागला होता. "तिकडं अमेरिकन साहेब रेंच बोलायचा, फिलिपिनो लियाबे बोलायचे," तो ऐटीत सांगायचा. दादा विचारायचा, "आनि नट काय बोलायचा रे?" सगळे हसायचे. मीसुद्धा.

त्या सकाळी मात्र कोणी हसलं नाही. माझा नवरा रामू (नाव घेतलं की आई डोळे वटारते, पण लिहिताना मी घेणारच) ट्रकमध्ये लोखंडी कॉइल भरून महाडला निघायचा होता. ब्रेकच्या कामासाठी चाकं उतरवली होती. दादाने उजवं चाक नेहमीसारखं आवळलं: पान्याच्या दांड्यात लांब पाइप अडकवला आणि त्यावर चक्क उभा राहिला.

"दादा, चाकाचे स्टड ताणून तुटतील!" भावेश ओरडला. "तिकडं पाइपाला हात लावला तर घरी पाठवतात."

सगळ्यांसमोर धाकट्याने शिकवलेलं कुणाला आवडेल? दादाचं तोंड एवढंसं झालं. "मंग क्लीनर साइडचा तूच बसव," तो म्हणाला. "तुज्या रीतीनं."

मी डबा घेऊन आले होते, बाकावर बसून बघत होते. भावेशने डावं चाक चढवलं, नट हाताने फिरवले, रिंग पान्याने नुसते टेकवले, पाना चाकावर ठेवला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

आता आमच्याकडची रीत सांगते. ज्याने चाक चढवलं, त्यानेच ते शेवटपर्यंत आवळायचं. दुसऱ्याने त्या नटाला पाना लावला, तर 'तुझ्या हातावर माझा भरवसा नाही' असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. यावरून हाणामाऱ्या झालेल्या मी बघितल्यात. दादा त्या चाकाजवळून गेला, जाता जाता त्यावरचा पाना उचलला, पुसून खिळ्याला अडकवला. चाकाकडे त्याने मुद्दाम बघितलंही नाही. रागावला होता, पण भावाचा मान ठेवला. रामूने गाडी काढली.

जेवताना भावेशने सहज विचारलं, "दादा, भावजींचा चाक कडक आवळलास ना?"

"मी कशाला आवळू? चाक तुजा."

भावेशच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मस्कतमध्ये एकाने नट टेकवायचे, पाना चाकावर ठेवून निघून जायचं, म्हणजे आवळणं बाकी आहे अशी खूण. मागून चेकर यायचा, मोजून आवळायचा, रंगाची खूण करायचा. चेकर असणार हे भावेशच्या अंगात इतकं मुरलं होतं की इथे चेकर नाही, हे त्याला आठवलंच नाही.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही माझीच ताकीद, आणि हा माणूस माझी एवढी एकच गोष्ट ऐकतो. आम्ही तिघे जीपमध्ये बसलो. पळस्पे गेलं तरी रिंगच. दोघेही भाऊ त्या क्षणी मला नको झाले होते.

कर्नाळ्याच्या वळणावर गर्दी दिसली. ट्रक डावीकडे कलून उभा होता आणि रामू खाली बसला होता, जिवंत, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी रस्त्यातच रडत हात जोडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग रस्त्याच्या कडेला सांडलेली करवंदं दिसली. पानांचे द्रोण लावून बसलेल्या एका कातकरी म्हातारीवर सुटलेलं चाक गेलं होतं. तिच्या तोंडावरून पायांपर्यंत कोणाचं तरी लुगडं घातलं होतं. माझे जोडलेले हात आपोआप सुटले. आत्ता कशाबद्दल आभार मानत होते मी?

हवालदाराने विचारलं, "चाक कोणी बसवलं?"

"यानं," दादा म्हणाला.

"आवळायचं दादानं होतं," भावेश म्हणाला.

दोघेही खरंच बोलत होते. मी मध्ये पडून सकाळपासूनचं सगळं सांगितलं. हवालदाराने ऐकून घेतलं. "ते साहेबांना सांगा. गाडी कोण चालवत होता?" म्हणाला, आणि रामूला पोलिसांच्या गाडीत बसवलं. मी खिडकीची जाळी धरली.

"तुमाला कायच कळला नाय का?" मी ओरडले. "निघताना एकदा पाना लावून बगायचा ना!"

"लावनार होतो," रामू हळूच म्हणाला. "हात पन पुढं नेला. पन तू समोर बसलेलीस. तुज्या भावांनी बसवलेला चाक मी तपासला असता, तर तुला कसा वाटला असता?"

गाडी निघून गेली. मला काय वाटलं असतं, ते मला ठाऊक आहे. महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नसते.