माळ्यावरची पेटी

शिळफाट्याजवळच्या त्या घरात शकू लग्न होऊन आली, तेव्हा चुलीजवळच्या फळीवरचं एकेक भांडं तिनं हातात घेऊन पाहिलं. चौथीपर्यंत शाळा झाली होती, त्यामुळे अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवायचं नाही. परातीवर, तपेल्यावर, दोन्ही तांब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी एकच मजकूर कोरलेला होता : चि. तुळसा हिस आईकडून. तुळसा म्हणजे काळुरामची पहिली बायको. लग्नानंतर तीन वर्षांत तापानं गेली. त्यालाही आता, चोपन्न साली, सहा वर्षं होत आली होती.

भांड्यांचं एक वेळ चाललं. शकू चार वर्षं त्याच परातीत पीठ मळत होती. पण माळ्यावर तुळसाची पत्र्याची पेटी होती, तिला हात लावायची मात्र तिची छाती झाली नाही. काळुरामनं कधी मनाई केली नव्हती. तो तुळसाचं नावच काढत नसे. इतका गप्प राहणारा माणूस मनात केवढं धरून बसला असेल, असं शकूला वाटे आणि आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी वावरे.

त्या कार्तिकात काळुरामला शहाडला गिरणीत काम लागलं, चाळीत एक खोलीही मिळाली. गावचं घर धाकट्या भावाला, नाथाला, राहणार होतं. त्याचं लेंढार वाढलेलं. शुक्रवारी बैलगाडी सांगितली होती. एका खोलीत मावेल तेवढंच न्यायचं, बाकीचं निकालात काढायचं.

"पेटीचं काय करू?" शकूनं विचारलं.

काळुराम वहाणा घालत होता. "तुला बरं वाटंल ते कर."

"मला काय बरं वाटायचंय? माझी हाय का ती?"

तो मान खाली घालून निघून गेला.

शकूनं एक दिवस विचार केला. मग बाजारात येणाऱ्या कोळणीबरोबर कोलशेतला निरोप धाडला. तुळसाची आई आवडाबाई तिथं मिठागरावर राबायची. 'लेकीचं सामान हाय, येऊन घेऊन जा,' एवढाच निरोप.

बुधवारी सकाळी म्हातारी आली. काटकुळी, मिठानं पायांच्या टाचा फाटलेल्या. तेराव्यानंतर ती या घरात आलीच नव्हती. सुक्या बोंबलांची जुडी उंबऱ्यावर ठेवून बाहेरच उभी राहिली.

"येऊ का गो आत?"

"या ना. विचारताय काय?"

चहा झाला. शकूनं पेटी खाली काढून म्हातारीपुढं ठेवली आणि कडी उघडली. कडुनिंबाच्या वाळल्या पानांचा चुरा वर आला. खाली दोन लुगडी, एकाला कसर लागलेली. अर्धवट टाके घातलेली वाकळ, काचेच्या बांगड्या आणि तळाशी लाकडी फणी. फणीत लांब केस अडकलेले होते.

आवडाबाईचा हात तिथंच थांबला. 

"ताप घेऊनच आलेली माझ्याकडं," ती एकदम म्हणाली. "मिठाचा हंगाम होता. आम्ही सगळी आगरावर. मी म्हटलं, इथं तुला कोन बघल? जा परत नवऱ्याकडं. चार दिवस रहा, एवढं काय तोंडातून निघालं नाय. आठ दिवसांत सांगावा आला. जावयाला कुठल्या तोंडानं भेटू गो? म्हनून आले नाय."

 शकूनं तांब्या घासून ठेवला होता, तो उगाच पुढं केला. म्हातारीनं तो फिरवून पाहिला.

"नाव घालायला मीच सांगितलेलं. मला वाचता येत नाय. कुठं हाय तिचं नाव?"

शकूनं तिचं बोट धरलं आणि तांब्याच्या काठाखालच्या ठिपक्यांवरून हळूहळू फिरवलं. तु. ळ. सा. म्हातारीनं बोट तसंच शेवटच्या अक्षरावर ठेवलं.

तेवढ्यात काळुराम आला. खोलीची किल्ली आणायला शहाडला गेला होता, तो दुपारच्या आतच परतला. दारातून त्याला सासू दिसली, उघडी पेटी दिसली. तो पुढं झाला, वाकून पाया पडला आणि तिथंच बसला.

"आये, किती वाट बघितली तुमची. तुमच्या लेकीचं सामान, ते दुसऱ्या कोनाला कसं देऊ? तुम्ही म्हटलं असतं, जावयानं टाकून दिलं."

"मीच टाकली रे तिला," आवडाबाई म्हणाली आणि पुन्हा सगळं सांगू लागली. काळुरामनं तिला मधेच थांबवलं.

"मला ठाऊक हाय. तीच बोललेली. रागानं नाय. आयचा हंगाम चाललाय, एवढंच म्हनली." त्यानं पेटीची कडी चाळवली. "तापात तिला तुमच्याकडं पाठवलेली मीच. भात झोडायचं राहिलेलं, घरात बघायला कोन नव्हतं. डॉक्टर कल्याणात होता. मी कल्याणला न्यायला पायजे होती."

मग तो रडू लागला. शकूनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती उठून मागल्या अंगणात गेली आणि कोंबड्यांना दाणे टाकत उभी राहिली. चार वर्षं आपण त्याच्या ज्या गप्प राहण्याला भ्यालो, त्यामागं माया होती की अपराधाची बोच, हे तिला नीट उलगडेना. दोन्ही असेल. आपल्या विरुद्ध मात्र त्यात काही नव्हतं, हे तिला कळलं. तरी आत चाललेलं ते रडणं आपल्यासाठी नाही, हेही लागलंच.

संध्याकाळी निघताना आवडाबाईनं फणी पदरात बांधली आणि एक लुगडं घेतलं. कसर लागलेलं दुसरं जाळून टाकायला सांगितलं. "बाकीचं तू वापर. नाय वापरलंस तरी चालल."

शकूनं वाकळ ठेवून घेतली, बांगड्या नाथाच्या मुलींना दिल्या. तपेलं आणि एक तांब्या नाथाच्या बायकोला दिला. परात तिनं बराच वेळ हातात धरली आणि शेवटी दुसऱ्या तांब्यासकट गाडीत ठेवली.

शुक्रवारी गाडी निघाली. काळुराम बैलांच्या बाजूनं चालत होता. कल्याणच्या रस्त्याला लागल्यावर तो आपणहून बोलू लागला. तुळसा म्हशीला भ्यायची. भाकरी करताना गुणगुणायची. एकदा हाटात हरवली आणि स्वतःच हसत परत आली. शकू सामानावर बसून ऐकत होती. सगळंच ऐकायला तिला बरं वाटत होतं असं नाही. पण तिनं त्याला थांबवलं नाही.