आण्णांच्या स्लॅबवरून

वाटणीत महावीरला जुनं घर आणि परडं आलं, थोरल्या भावाला, आण्णांना, त्याला लागूनची दक्षिणेकडची मोकळी जागा. तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती.

पेठ वडगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून महावीर निवृत्त झाला आणि त्यानं परड्यात दुर्बीण बसवली. नरतुरंग तारकासमूहातल्या ओमेगा सेंटॉरीचा फोटो काढायचा, हा एकच ध्यास. लाखो ताऱ्यांचा हा गोल गुच्छ आपल्याकडून उन्हाळ्यात दिसतो, दक्षिणेला, फार वर न चढता. एका वर्षी ढग आडवे आले, एका वर्षी दुर्बीण फिरवणारी मोटर बिघडली. त्याची बायको प्रभावती लॅपटॉपपाशी बसायची, एकेक फोटो उतरवून एकावर एक रचायची. तारे लांबट यायचे. ती पुन्हा बसायची.

मग आण्णांनी बांधकाम काढलं. वरच्या मजल्याच्या सळ्या उभ्या राहिल्या तसा महावीर भिंतीपाशी गेला.

"आण्णा, एवढा उन्हाळा जाऊ दे की. मला तेवढंच आकाश हाय."

"आकाशबी तुझ्या वाटणीला आलंय व्हय?" आण्णा म्हणाले. गवंडी खो खो हसले.

त्या दिवसापासून बोलणं बंद. मजला चढला, दक्षिण गेली. पुढच्या उन्हाळ्यात आण्णांनीच प्रभावतीकडं निरोप दिला, "दुर्बीण आमच्या गच्चीवर लाव म्हणावं त्याला."

"मेलो तरी त्याची पायरी चढणार न्हाय," महावीर म्हणाला आणि दुर्बिणीवर जुनी चादर टाकली.

मे महिन्यात तो शिरोळला लग्नाला गेला, मुक्कामी. अंधार पडल्यावर प्रभावतीनं चादर काढली. जड स्टँड आण्णांनी स्वतः खांद्यावर घेतला. जिन्यात दम लागून थांबले तेव्हा म्हणाले, "गवंड्यांम्होरं तसं बोलाय नको हुतं मी."

वर दक्षिण सगळी उघडी होती. प्रभावतीनं दुर्बीण जुळवली, फोटो घेतले, रचले. पडद्यावर गुच्छ उमटला, रवा सांडावा तसा, दाणा न् दाणा वेगळा. आण्णा वाकून बघत राहिले.

"असलं हाय हे? थांबलो असतो की गं मी."

महावीर परतल्यावर तिनं लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवला. त्याचं बोट नकळत पडद्याकडं गेलं.

"कुठनं काढलास?"

"आण्णांच्या स्लॅबवरनं."

बोट मागं आलं. "फोकस गेलाय."

"कुठं गेलाय? दाखवा की."

"गेलाय म्हणतोय न्हवं!" त्यानं लॅपटॉप मिटला.

प्रभावतीनं तो पुन्हा उघडला, फोटो मोठा करून पाहिला. एकही तारा लांबट नव्हता. असा फोटो त्याला कधीच जमला नव्हता, आणि हे दोघांनाही कळलं होतं.

त्याच आठवड्यात त्यानं दुर्बीण शाळेला देऊन टाकली. तिला विचारलंसुद्धा नाही.

ती कपडे वाळत घालत होती तेव्हा आण्णांनी भिंतीवरून विचारलं, "बघितला काय त्यानं?"

"बघितला," ती म्हणाली, आणि ओलं धोतर जोरात झटकलं.