झुवैनामावशीची भट्टी आणि मुद्रिकचं रडार

आमच्या गावात माणूस दिसला की थांबून खबर विचारावी लागते. न विचारता जो पुढे जातो, त्याला कुणी चांगल्या आईबापाचा म्हणत नाही. मुद्रिक चांगल्या आईबापाचा आहे, तेच नडलं.

आमचा फलज, म्हणजे डोंगरातून जमिनीखालून येणारा पाट, आत कुठेतरी ढासळला होता आणि खजुरी वाळत चालल्या होत्या. दुरुस्तीला ज्या जुन्या विवरातून उतरायचं, ते गल्लीत कुठे बुजलंय हे कुणालाच आठवेना. म्हणून मस्कतहून आमचाच मुद्रिक आला, जमिनीखालचं दाखवणारं रडार बाबागाडीसारखं ढकलत. त्याचं अंतर मोजणारं चाक आमच्या दगडांवर लगेच मोडलं. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र उंच भिंतींत आंधळं झालं. टेप तर पठ्ठ्या मस्कतलाच विसरला होता.

"काळजी नको, खलफानकाका," तो म्हणाला. "रडार घड्याळावर लावतो. मशिदीपासून झुवैनामावशीच्या घरापर्यंत एका चालीनं चाललो, की वेळेवरून अंतर निघतं."

तो चालला आणि निकाल आला. विवर झुवैनामावशीच्या रोटीच्या भट्टीखाली!

मावशी एकटी, त्या भट्टीवरच तिचं पोट. "फोडा! आणि मलाही त्याच खड्ड्यात ढकला!" ती कडाडली. मी पडलो फलजचा कारभारी. वाईट वाटलं, पण पहार मागवली.

मुद्रिक मात्र रडारच्या पडद्याकडे बघत कान खाजवत होता. चित्रात मधे मधे सपाट पट्टे दिसत होते.

"इथे मी उभा होतो," तो पुटपुटला.

"उभा? कशाला?"

"हमूदकाकांनी आईचं विचारलं. मग राशिदनं उंटिणीचं सांगितलं. मग तुम्ही, काका. तुम्ही तर माझ्या लग्नापर्यंत पोचलात."

हा उभा आणि घड्याळ चालू! रडारला वाटलं, पोरगा चालतोच आहे. विवर आपलं पुढे पुढे सरकत भट्टीखाली गेलं.

मी दवंडी दिली, मुद्रिकशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही. तो पुन्हा निघाला. हमूद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. राशिदनं डोक्यावर पोतं घेतलं. बिचाऱ्या मुद्रिकचे कान लाजेनं लाल झाले होते. अर्ध्या वाटेवर मावशीच उभी होती. तिच्यासमोर त्याचा पाय अडखळला.

"थांबलास तर बघ!" मावशी ओरडली आणि ओढणी खोचून त्याच्या बरोबरीनं चालू लागली. "आई कशी आहे?"

"बरी आहे, मावशी."

"गुडघे?"

"दुखतात."

हे बघून हमूदला राहवेना, तोही निघाला. मग राशिद. सगळी गल्ली एका चालीनं ख्यालीखुशाली विचारत चालली. वरात म्हणावी तर नवरी रडार!

या खेपेला विवर भट्टीपासून बरंच अलीकडे निघालं. माझ्या दारात, संगमरवरी पायरीखाली. पोराच्या सासरची माणसं येणार म्हणून मी ती मुद्दाम बसवून घेतली होती, अजून कुणाला चपलेनं चढू देत नव्हतो.

"मुद्रिक," मी म्हणालो, "अजून एकदा चालून बघतोस?"

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला, सपाट पट्टा एकही नव्हता. पहार माझ्याच हातात होती. मावशी घरात गेली, गरम रोटी घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली.

"खाऊन घे, खलफान. उपाशीपोटी घाव नीट बसत नाही."