घेराव

मास्तरांना बास्केटबॉलमधलं एकच काय ते येत होतं, आणि ते इतकं पक्कं येत होतं की बावीस वर्षांत दुसरं काही शिकायची त्यांना गरज पडली नव्हती. आपली बास्केट झाली की इतर संघ निमूट मागे परततात. मास्तरांच्या मुली परतायच्या नाहीत. समोरच्यांनी चेंडू आत टाकायच्या आधीच त्या अंगावर धावून जायच्या. चेंडू जिच्या हातात, तिला दोघींनी रेषेकडे रेटत कोपऱ्यात दाबायचं आणि तिसरीने पासची वाट बंद करायची. आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडलं नाही की चेंडू आपला. मास्तर बाकावरून मोठ्याने सेकंद मोजायचे आणि समोरच्या मुलींना घाम फुटायचा. याला ते घेराव म्हणत. मागे हटून आपली बास्केट राखणाऱ्या संघांबद्दल ते जे काही म्हणत, ते मुलींसमोर बोलण्यासारखं नव्हतं, पण बोलत मुलींसमोरच.

घेरावाच्या टोकाला त्यांची सख्खी भाची होती. अंगाने काटकुळी, कुठल्याही फटीतून आत शिरणारी, म्हणून सगळ्या तिला सुई म्हणत. पुढच्या महिन्यात मोठ्या संघाची निवड होती आणि तिचं नाव जवळजवळ ठरलेलं होतं. पण दहा दिवसांपूर्वी सरावात तिचा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतला लिगामेंट अर्धा फाटलाय, तीन आठवडे विश्रांती घेतली तर वाचेल, नाहीतर पुरता जाईल.

मास्तरांची बहीण शिलाईच्या कारखान्यात दिवसभर शर्टांना कॉलर लावायची. पोरीला उपांत्य सामन्यात उतरवायचं म्हणताच ती साफ नाही म्हणाली. मास्तर तीन संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ज्या भावाने आपल्याला लहानाचं मोठं केलं, त्याला किती वेळा नाही म्हणणार? शेवटी ठरलं: पट्टी बांधून पहिली दोन क्वार्टर, नंतर एक मिनिटही नाही. मास्तरांनी तसा शब्द दिला. तो देताना ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

पहिल्या दोन क्वार्टरमध्ये सुईने समोरच्यांना सळो की पळो करून सोडलं. मध्यंतराला मास्तरांचा संघ अठरा गुणांनी पुढे होता. ती बाकावर येऊन बसली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली, आणि तिच्या जागी दुसरी गेली. ही दुसरी गुणाची पोर होती, पण पायात जोर नव्हता. घेरावाचं टोकच बोथट झालं. समोरच्या दोघी तिच्या डोक्यावरून पास टाकायच्या आणि मोकळ्या मैदानातून थेट बास्केटखाली जायच्या. अठराचे अकरा झाले, अकराचे पाच. मुलींना धाप लागली होती.

आता काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. घेराव सोडायचा, मागे यायचं, बास्केटखाली उभं राहून उरलेली मिनिटं रेटायची. मास्तरांनी टाइमआउट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "मागे राहून खेळा."

मुली त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग कप्तान हळूच म्हणाली, "मागे म्हणजे कुठे उभं राहायचं, सर?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आपण कधी शिकवलेलंच नाही. कोणी कुठे थांबायचं, कोणी कोणाला धरायचं, यातलं एक अक्षरही नाही. त्यांना फार लाज वाटली. पण साठ सेकंदांत ती लाज काय कामाची? पोरी मैदानात गेल्या आणि जत्रेत हरवल्यासारख्या उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत पाचाची आघाडीही गेली.

सुईने बर्फाची पिशवी खाली ठेवली आणि पट्टी आवळली. मास्तरांनी ते पाहिलं. बाकासमोरची जागा अरुंद होती आणि मास्तरांचे पाय वाटेत होते. त्यांनी तिला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. त्यांनी फक्त पाय आत घेतले.

शेवटची चाळीस सेकंदं उरली असताना बरोबरी होती. सुईने चेंडूवालीला कोपऱ्यात दाबलं. मास्तर उभे राहून मोजू लागले. सहा म्हणेपर्यंत ती मुलगी गर्रकन वळली, तिच्याबरोबर सुई वळली, पण गुडघा वळला नाही. पडता पडता तिने चेंडू हिसकावून कप्तानकडे ढकलला. दोन गुणांनी सामना जिंकला. मुलींनी आरडाओरडा केला आणि मग सुई उठत नाही हे पाहून एकेक गप्प झाली.

हॉस्पिटलच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर बहीण बसली होती, कारखान्यातून तशीच आलेली, ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. डॉक्टर सांगून गेले होते की शस्त्रक्रियेनंतर मुलगी नीट चालेल, पण खेळणं विसरा. दुसरी खुर्ची रिकामी होती, तरी मास्तर दाराशीच उभे राहिले. 'मी पाठवलं नव्हतं' हे वाक्य त्यांनी वाटेत बरंच घोळवलं होतं. आता ते त्यांच्या तोंडून निघेना.

सुईने डोळे उघडले. रागाचा मागमूस नव्हता तिच्या चेहऱ्यावर. तेच मास्तरांना सहन होईना.

"माझंच चुकलं, सर," ती म्हणाली. "वळताना पाय चुकीचा पडला ना?"

नाही पोरी, चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. बहीण त्यांच्याकडे बघत होती, तेच ऐकायला थांबल्यासारखी.

"बाहेरचा पाय आधी टाकायचा," मास्तर म्हणाले. "आतल्या पायावर भार घेतलास तू."

सुईने मान हलवली, नीट लक्षात ठेवणाऱ्या विद्यार्थिनीसारखी. बहीण उठली. तिने दार उघडलं आणि ते उघडंच धरून उभी राहिली.