मी औषध नाही हो, काशीनाथराव!

मी माणसाच्या डोळ्यातल्या भिंगाचं प्रथिन. पण मी कुणाच्याही डोळ्यात कधी राहिलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही काशीनाथरावांसारखा भलताच समज करून घ्याल!

माझा जन्म मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत झाला, त्र्याण्णवच्या सुमारास. तिथे संशोधन करणाऱ्या उर्मिलाने माणसाच्या जनुकाचा तुकडा जंतूंमध्ये घातला आणि त्या बिचाऱ्यांकडून मला बनवून घेतलं. मग गाळा, धुवा, पुन्हा गाळा! वर्ष गेलं तिचं त्यात. शेवटी करंगळीएवढ्या काचेच्या बाटलीत मी उतरलो, पाण्यासारखा निवळ. वर चिठ्ठी लागली, ‘फक्त संशोधनासाठी’. आम्ही प्रथिनं निवळ असतो म्हणून माणसाला दिसतं. एकमेकांना चिकटून गढूळ झालो की मोतीबिंदू. आम्ही का चिकटतो, एवढंच तिला माझ्याकडून शोधायचं होतं.

दसऱ्याला सुट्ट्या जोडून आल्या आणि नेमका प्रयोगशाळेचा फ्रीज बिघडला. उर्मिलाने मला थर्मासमध्ये बर्फात घालून भाईंदरला घरी आणलं. मोरव्याच्या रस्त्याला त्यांचा फ्लॅट. शेजारच्या मंदाताईंकडे फ्रीज नव्हता, त्यामुळे त्यांचा बोंबलांचा डबा इथेच असायचा. माझी सोय त्याच्या शेजारी झाली. वर्षभर धुऊन स्वच्छ केलेला मी, आणि शेजार बोंबलांचा!

काशीनाथराव म्हणजे उर्मिलाचे सासरे, कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायचे.

"माझी सून औषध बनवतेय. मी कशाला डोळा कापून घेऊ?"

"बाबा, औषध नाहीये ते. नुसता अभ्यास चाललाय."

"अभ्यास झाला की औषधच होणार ना? थांबतो मी."

थांबतो म्हणे! इकडे भिंत धरून चालत होते, चहा बशीऐवजी टेबलावर ओतत होते. आणि वर मंदाताईंनी डबा काढता काढता विचारलं, "काका, आमच्या आईलाही दोन थेंब मिळतील का हो? तीपण ऑपरेशनला नाही म्हणते."

"मिळतील की!"

घ्या! मी बाटलीत नुसता चरफडत होतो. मला तोंड असतं तर तिथेच सुनावलं असतं दोघांना.

दसऱ्याला काशीनाथरावांची हत्यारांची पूजा असायची. उर्मिला सकाळीच बाजारात झेंडू आणि श्रीखंड आणायला गेली. यांनी पाटावर पाना मांडला, पक्कड मांडली, मुलाच्या स्कूटरची किल्ली ठेवली. मग थबकले.

"आणि सुनेचं हत्यार?"

फ्रीज उघडून, डबे चाचपडत त्यांनी मला शोधून काढलं. हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावून माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्या हिशेबाने पुढे. खरं तर अगदी अंगाला चिकटून. नीट दिसत असतं तर वीतभर लांब ठेवलं असतं त्या माणसाने. ज्योत काचेला लागत होती आणि हे डोळे मिटून म्हणत होते, "माझ्या सुनेला यश दे."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? पण मी रागावलो. तापलो, चिकटलो आणि दुधासारखा पांढरा झालो. उकडलेलं अंडं काही परत कच्चं होत नाही, माझंही तेच झालं.

उर्मिला आली. पिशवी हातातच राहिली. "बाबा! हे काय केलंत तुम्ही!"

"पूजा केली. का गं?"

ती पाटाशीच बसून रडायला लागली. वर्षाची मेहनत गेली तिची, रडणार नाही तर काय? मग डोळे पुसून उठली, त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं आणि मला त्यांच्यापुढे धरलं.

"सांगा. स्वच्छ आहे की गढूळ?"

त्यांनी मला जवळ घेतलं, लांब धरलं. "स्वच्छच आहे की."

"दूध झालंय बाबा त्याचं."

काशीनाथरावांनी बाटली पुन्हा डोळ्याशी नेली. "मला सगळंच असं दिसतं गं," म्हणाले, "मग कळणार कसं?"

"तुमच्या डोळ्यात हेच झालंय. थेंब घालून हे निवळेल का?"

बाटली तिला परत देत ते म्हणाले, "डॉक्टरांना विचार, दिवाळीआधी जमेल का."

जमलं. आता त्यांना जाड भिंगांचा चष्मा आहे. उर्मिलाने सगळं पहिल्यापासून सुरू केलंय. मी मात्र निकामी होऊन शोकेसमध्ये पडलोय. निवळ होतो तेव्हा माझं कुणी ऐकलं नाही, याचा राग अजून आहे मला. तुमच्या घरात कुणी माझ्या थेंबांची वाट बघत बसलं असेल, तर कृपा करून त्याला उठवा.

परवा काशीनाथरावांनी मला हातात घेतलं. काचेवरच्या काजळीवरून बोट फिरवलं. "इतका जवळ ठेवला होता मी दिवा?" स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात मंदाताई बोंबलांचा डबा घ्यायला आल्या. "काका, आईच्या थेंबांचं काय झालं हो?"

काशीनाथरावांनी मला त्यांच्या हातात दिलं.

"आईकडे घेऊन जा ही बाटली. तिला विचार, स्वच्छ दिसते की गढूळ."