न उघडलेलं फडकं

इस्पितळाच्या नळावर विनीतने कोपरापर्यंत हात धुतले. नखांतली तांबडी माती तेवढी निघेना. सकाळी गावी, बागेच्या कडेला, त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, खड्डा खणला होता आणि त्याने तो बुजवला होता. तिथून तो तडक रत्नागिरीला परतला होता.

आदल्या दिवशी दुपारी त्याची बायको नम्रता तांदूळ निवडत बसली होती. आठवा महिना सरत आलेला. अचानक तिचं पोट दगडासारखं कडक झालं आणि पाठोपाठ काळपट रक्त जाऊ लागलं. गाडीत ती एवढंच म्हणाली होती, "हालत नाही ओ आज." बाळाआधीच वार सुटली होती. बाळ पोटातच गेलं. तिचं रक्तही थांबेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विनीतला विचारलं, आणि त्याने सही केली.

तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला. नम्रताचे ओठ पांढरे पडले होते.

"जेवलात?" तिने विचारलं.

"नम्रता, पिशवी काढायला लागली. नायतर तू पण..."

ती वरच्या पंख्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली.

"कुठे ठेवलंत तिला?"

"फणसाच्या बाजूला. आप्पा होते सोबत."

"बघितलीत?"

विनीतने मान डोलावली. "अगदी तुझ्यासारखी होती."

सिस्टरने हातात दिलेलं पांढरं फडकं त्याने गावापर्यंत छातीशी धरलं होतं. उघडलं नव्हतं. तोंड बघतोस का, असं आप्पांनी विचारलं, तेव्हा त्याने पाठ फिरवली होती.

सुई टोचलेला हात नम्रताने हळूहळू सरकवत त्याच्या मनगटावर ठेवला.

"तुमच्याकडे द्यायच्या आधी सिस्टरनी मला दाखवली ओ तिला," ती म्हणाली. "माझ्यासारखी नव्हती."

विनीतची मान खाली गेली.

"कपाळ तुमचं. मोठं. केस इतके, की कानांवर आलेले. आणि डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली. तुमच्या आईंची आहे ना, तशी."

त्याने खाटेच्या कडेवर डोकं टेकलं. कालपासून कोरडे राहिलेले डोळे आता आवरेनात.

"अजून सांग," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.