मी आखूड, ताई लांब

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे. बर्फावरून घसरत जायला पायाला बांधतात ना, ती लाकडी पट्टी. माझ्या ताईपेक्षा मी चांगली हातभर आखूड, आणि जन्माचं दुखणं तेच.

नॉर्वेतल्या एका सुताराने आम्हा दोघींना एकाच बर्चच्या खोडातून घडवलं. ताई लांब, गुळगुळीत. ती डाव्या पायात. मी उजव्या. माझ्या तळाला बारीक खिळ्यांनी केसाळ कातडं ठोकलेलं. मी बर्फाला रेटा द्यायचा आणि ताईने सुसाट निघायचं. कौतुक अर्थात तिचंच व्हायचं.

पुढे मालकाबरोबर आम्ही जहाजाने ऑस्ट्रेलियात आलो. तो गेला, माझं कातडं झडलं, सारख्या लांबीच्या स्की आल्या आणि आम्ही शेडमध्ये पडून राहिलो. शेवटी क्वेकर्स हिल या उपनगरातल्या यामिनीने आम्हाला जुन्या सामानाच्या गराज सेलमधून उचललं. ती स्की-कोच, शिवाय खेळाडूंच्या दमाचा आणि स्नायूंचा अभ्यास करणारी. जुन्या स्कींचं तिला भारी वेड. तरी तिलाही वाटलं, या दोन वेगळ्या जोड्यांतल्या उरल्यासुरल्या असतील.

मग लॉकडाऊन आला. डोंगरावर जाणं बंद. यामिनी स्क्रीनवरून कोचिंग करायची आणि तिचा नवरा हृषिकेश नव्या करवतीसाठी घरभर लाकूड शोधायचा. एका सकाळी त्याने ताईवर पेन्सिलने रेघ मारली.

"यामे, दोन्ही सारख्या करतो. मस्त शू रॅक होईल."

"माझ्या आहेत त्या."

"अगं, छोटीला वाळवी लागलीय. ही भोकं बघ."

माझा जीव ताईत अडकलेला. ओरडायला तोंड कुठलं? यामिनीने मला उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं. भोकं एका ओळीत, बोटाबोटाच्या अंतरावर.

"हृषी, वाळवी एवढी शिस्तीची असते का रे?" ती हळूच म्हणाली. "इथे कातडं होतं. ही ढकलायची, ती घसरायची. जोडीच आहे ही. आणि मी स्वतःला कोच म्हणवते."

तिने आधी करवतीचा प्लग काढला. मग जुन्या गालिच्याची पट्टी माझ्या तळाला ठोकली, आम्हाला पायांना बांधलं आणि दवाने ओल्या लॉनवर उतरली. मी रेटा दिला. ताई निघाली. चार हात सरळ, मग थेट कढीपत्त्याच्या कुंडीत.

शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "यू ओके, लव्ह?"

"नो वरीज, शी इज ट्रेनिंग," हृषिकेश म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात, "ऊठ ना. आता माझा नंबर."

बूट अजून दारातच पडलेले असतात. आम्ही दोघी मात्र हॉलमध्ये उभ्या असतो, तेलपाणी वेळेवर.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढंच मागणं. आणि एखादी जोडी विजोड दिसली, तर तिला सारखं करायची घाई करू नका. आधी पायात घालून बघा, कोण कोणाला पुढे नेतंय ते.